सवाईची पहाट आणि श्रोत्यांची बखर

दर डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात एक जुना वाद हमखास उकरून काढला जातो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही दोघे पुण्यात एम. ए. करीत होतो. सवाई गंधर्व महोत्सवाच्या शेवटच्या रात्री शाल-कानटोपीचा जामानिमा करून भारतीय बैठकीत जागा धरली होती. रात्र सरली, मसाला दूध आणि चहाच्या फेऱ्या झाल्या आणि पहाटे पंडित भीमसेन जोशी गायला बसले. इथवर दोघांचे एकमत आहे. पुढे मात्र वाटा फुटतात. आमच्यापैकी एकाच्या मते ते ललत गायले. दुसरीच्या मते तोडी, आणि त्यातही तार षड्ज लागला त्या क्षणी मंडपाच्या कडेने उन्हाची पहिली तिरीप आत आली. तिरीप मात्र दोघांनाही आठवते.

मागील वर्षी त्या वेळच्या एका मित्राची रोजनिशी हाती आली. त्या दिवसाच्या नोंदीत रागाचे नाव नाहीच. एवढेच लिहिले आहे, की पंडितजी आठ वाजता बसले, आम्ही दहाला उठलो, अमृततुल्यात गेलो. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे आमची ती तिरीप, जिच्यावर आम्ही गेली पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना पाल्हाळ लावून सांगत आलो, ती त्या वेळी येणे शक्यच नव्हते. सूर्य तासाभरापूर्वीच वर आला होता.

साहित्याच्या अध्यापकांनी या प्रसंगी काय करावे? आठवण खोटी ठरली म्हणून ती सोडून द्यावी, की ती तशी का घडली याचा शोध घ्यावा? हा लेख दुसऱ्या वाटेने जाऊ पाहतो.

प्रथम थोडा इतिहास. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या निमित्ताने, १९५३ साली, आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने पुण्यात हा संगीतोत्सव सुरू झाला. त्यामागे गुरुऋण फेडण्याची भीमसेनांची तळमळ होती. गुरूंच्या एकसष्टीनिमित्त १९४६ साली झालेल्या मैफलीतील त्यांच्या गाण्याने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले होते. पुढील अर्धशतकात त्यांनी महोत्सवाचा भार वाहिला, इतर कलावंतांना अगत्याने बोलावले आणि स्वतःसाठी बहुधा शेवटची जागा ठेवली. शेवटची जागा म्हणजे रात्रभर जागलेल्या श्रोत्यांसमोर, दोन-तीन थोर कलावंत गाऊन-वाजवून गेल्यानंतरची जागा. तिथे गाणे हा बहुमान आहे तशीच परीक्षाही आहे. एरवी देशभर सतत चाललेल्या विमानप्रवासामुळे त्यांना गमतीने ‘हवाई गंधर्व’ म्हटले जाई. या दिवसांत मात्र ते यजमान असत, आणि यजमान सर्वांच्या मागून जेवतो, हा आपल्याकडचा संकेत ते गाण्यातही पाळत होते असे आम्हांस वाटते.

या महोत्सवाचा दस्तऐवजी इतिहास उपलब्ध आहे. कार्यक्रमपत्रिका आहेत, वर्तमानपत्री परीक्षणे आहेत, छायाचित्रे आहेत. परंतु तो महोत्सव पुण्याच्या आणि महाराष्ट्राच्या जीवनात काय होता, हे ज्यातून कळते ती सामग्री श्रोत्यांच्या मुखी आहे. निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतील कारकून, हार्मोनियम दुरुस्त करणारे कारागीर, मिरज-सांगलीहून रात्रीच्या गाडीने येणारे तबलजी असे कुणीही दोघे भेटले की ती सामग्री उलगडू लागते. गेली काही वर्षे आम्ही अशा आठवणी मिळतील तशा ऐकत आणि टिपत आलो आहोत.

त्या एकत्र वाचल्या की त्यांचा घाट ध्यानात येतो. सांगणारा क्वचितच गाण्यापासून आरंभ करतो. तो आरंभ करतो प्रवासापासून, म्हणजे कोणत्या गाडीने आलो, तिकीट कुणी काढून ठेवले होते, थंडी किती होती. मग येते प्रतीक्षा. तानपुरे जुळवले जाताहेत, पंडितजी डोळे मिटून बसले आहेत, मंडपातली कुजबुज आपोआप विरते आहे. मग पहिला षड्ज. आणि इथे, जिथे वर्णन सुरू व्हायला हवे, तिथेच सांगणारा अडखळतो. हात वर जातो, मान हलते, आणि “काय सांगू, तो षड्ज…” एवढे म्हणून तो थेट शेवटाला येतो : बाहेर पडलो तेव्हा कुणी कुणाशी बोलत नव्हते. तासा-दीड तासाच्या ख्यालाचे वर्णन एका हातवाऱ्यात संपते. याला आम्ही उणीव मानत नाही. स्वर शब्दांत मावत नाही म्हणून आठवण त्याच्या भोवतीच्या वस्तू गोळा करते : थर्मास, सतरंजी, धुके, शेजारच्या अनोळखी माणसाने दिलेली अर्धी शाल. देव जिथे दाखवता येत नाही, तिथे देवळाचे वर्णन करावे, तशी ही रीत आहे.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हा घाट अपरिचित वाटू नये. आपले आद्य गद्यचरित्र ‘लीळाचरित्र’ हे असेच आठवणींतून सिद्ध झाले आहे. श्रीचक्रधरांच्या वियोगानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून एकेक लीळा मिळवली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. या परंपरेची थोरवी अशी, की आठवणींत मेळ बसला नाही तेव्हा भिन्न पाठ पुसून टाकले गेले नाहीत. ‘एकी वासना’ असे म्हणून, म्हणजे एका परंपरेचे म्हणणे असे, तो भेद नोंदवून ठेवण्यात आला. लीळेत स्वामींचे बोलणे असते, त्याबरोबर ते कुठे बसले होते, कोण जवळ होते, काय जेवले, हेही असते. अनुभवाच्या गाभ्याशी जाता येत नसले की भक्त परिसर जपून ठेवतो. श्रोतेही तेच करतात.

भीमसेनांच्या आयुष्याच्या आरंभाचीही अशीच दोन कथने आहेत. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. एका कथनाप्रमाणे अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका कानी पडली आणि असे गाता आले पाहिजे या ध्यासाने ते निघाले. दुसऱ्याप्रमाणे जेवताना आईने आणखी तूप वाढले नाही म्हणून रुसून निघाले. दोन्ही गोष्टी रसिकांत प्रसिद्ध आहेत आणि दोन्ही आनंदाने सांगितल्या जातात. एकीत ध्यास आहे, दुसरीत मूलपण आहे, आणि ऐकणाऱ्याला दोन्हींची गरज आहे. चरित्रकाराने एक निवडून दुसरी गाळली तर माणूस अर्धाच उरेल.

आता आमच्या तिरिपीकडे परत येऊ. आलेस्सान्द्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाने मौखिक इतिहासावर मूलगामी लेखन केले आहे. तेर्नी या पोलादाच्या गावी लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीने मरण पावला. पोर्तेल्ली यांनी गावकऱ्यांना विचारले तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ साली, कारखान्यातील मोठ्या कामगार-कपातीच्या वेळच्या संघर्षात झाल्याचे सांगितले. साल चुकले होते. पण त्या चुकीत अर्थ होता. गावाने आपला मृत तिथे नेऊन ठेवला होता, जिथे त्याच्या मरणाला गावाच्या दृष्टीने खरे मोल होते. स्मृतीची चूक हाही एक पुरावा असतो. मात्र तो घटनेविषयी बोलत नाही, सांगणाऱ्यांविषयी बोलतो.

तेर्नीतील रक्तापुढे आमची तिरीप ती काय! तरी न्याय तोच. आपल्या रागसंगीताने प्रहरांचे शास्त्र सांभाळले आहे. ललत उजाडण्यापूर्वीचा, तोडी दिवस चढू लागतानाचा. रात्रभर ऐकणाऱ्याला हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नसे. दरबारी, मालकंस यांतून तो पहाटेपर्यंत चालत येई आणि आकाश आणि स्वर बरोबरीने उजळताना पाहत असे. त्या विशिष्ट दिवशी पंडितजी उशिरा बसले असतील, पण आमच्या स्मृतीने सूर्याला तासभर थांबवून ठेवले. कारण रात्र जागल्यावर जे मिळाले त्याचे नाव ‘उजाडणे’ हेच होते. आम्ही खोटे बोललो नाही. आम्ही वेळ चुकलो आणि प्रहर बरोबर सांगितला.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. परंतु आमच्या टिपणवहीची पाने पुन्हा चाळताना एक गोष्ट टोचली. रात्रभर जागल्याच्या बहुतेक आठवणी पुरुषांच्या आहेत. स्त्रिया महोत्सवाला येत नव्हत्या असे नाही, भरपूर येत. पण त्यांच्या कथनात शेवट वेगळा आहे. एका वृद्ध शेजारणीने सांगितले, की पाच वाजता नळाला पाणी यायचे, म्हणून त्या नेहमी चारला निघत. पंडितजींचे ‘शेवटचे’ गाणे त्यांनी सवाईत कधीच ऐकले नाही. कर्नाटकातून आलेल्या गंगूबाई हंगलांना त्यांनी मन भरून ऐकले होते, आणि त्यांच्या लेखी महोत्सव म्हणजे गंगूबाईच. पहाटेची तिरीप ही आमच्यासारख्यांची आठवण आहे. ज्यांच्या घरी त्या सकाळी दुसरे कुणी पाणी भरत होते, त्यांची. आमच्यापैकी जी स्त्री त्या बैठकीत होती, तिलाही ती पहाट वसतिगृहाच्या अधीक्षिकेची लेखी परवानगी काढूनच मिळाली होती. हे ती आजवर सांगत नसे, कारण आठवणीच्या ठरलेल्या घाटात त्याला जागाच नव्हती.

आणखी एक वर्ग या बखरीबाहेर राहतो. ज्यांनी भीमसेनांना मैफलीत कधीच ऐकले नाही, पण ‘संतवाणी’च्या ध्वनिफितींतून, आकाशवाणीवरच्या सकाळच्या भक्तिगीतांतून, १९८८ पासून दूरदर्शनवर दिसू लागलेल्या एकात्मतेच्या गाण्यातून ज्यांच्या घरात तो आवाज आला, ते लक्षावधी लोक. आमचे कितीतरी विद्यार्थी अशा घरांतले आहेत. “आजोबा शेतावर जाताना रेडिओ बंद करायचे नाहीत, अभंग संपेपर्यंत दारात उभे राहायचे,” असे एकाने वर्गात सांगितले. त्या दारात उभे राहण्याला आम्ही ‘मैफल’ म्हणायला तयार नसू, तर दोष आमच्या व्याख्येचा आहे.

हा सारा खटाटोप आजच का? कारण ती रात्रच आता उरलेली नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील ध्वनिवर्धकबंदीवर शिक्कामोर्तब केले. सणा-उत्सवांसाठी वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सवलत राहिली, पण उघड्या मैदानावरची अखंड रात्र संपली. आजारी आणि झोपेला पारख्या झालेल्या शेजाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर हा नियम न्याय्यच आहे, आणि आम्ही तो मोडावा असे म्हणत नाही. एवढेच, की अपरात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळी ऐकण्याची सार्वजनिक सवय त्याबरोबर गेली. प्रकृती साथ देत नसतानाही भीमसेन २००७ च्या महोत्सवात गायले. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले आणि महोत्सवाच्या नावात गुरूच्या शेजारी शिष्याचे नाव आले. रात्र जागलेले श्रोतेही आता एकेक करून कमी होत आहेत. गेल्या दोन वर्षांत आमच्या वहीतील चार नावांपुढे ‘कै.’ लिहावे लागले.

म्हणून आमचे आमच्या विद्यार्थ्यांना आणि सहाध्यापकांना सांगणे आहे, की घरातल्या, गल्लीतल्या वृद्धांकडे जा आणि त्यांनी ऐकलेली मैफल विचारून घ्या. साल चुकले तर दुरुस्त करू नका, शेजारी नोंद करा. राग दोघांनी दोन सांगितले तर दोन्ही लिहा. चारला निघालेल्या बाईंना ‘पुढे काय झाले’ हे विचारू नका. ‘का निघालात’ हे विचारा. म्हाइंभटांनी घालून दिलेली शिस्त याहून वेगळी नव्हती.

“यूट्यूबवर सगळे आहे की सर,” असे मुले म्हणतात. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. अकरा वर्षांच्या भीमसेनांना घराबाहेर काढले ते तीन मिनिटांच्या एका तबकडीनेच. आणि आमच्या त्या सकाळी, गाणे आटोपल्यावरही, कुणी लगेच उठले नव्हते. प्रथेप्रमाणे सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावण्यात आली होती. ध्वनिमुद्रिकेची खरखर आधी आली, मागून जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा आवाज. ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकले होते असे काही वृद्ध पुढच्या रांगेत होते. आम्ही ऐकलेले नव्हते. तरी ती भैरवी संपेपर्यंत मंडपात कुणी हलले नाही. तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. हे मात्र आम्हा दोघांनाही नीट आठवते.