प्रेमजोगिनी आणि रेवती

भारतेंदु हरिश्चंद्रांच्या 'प्रेमजोगिनी'चा चौथा प्रवेश मराठी वाचकाने एकदा तरी वाचावा. नाटक हिंदी, पण काशीतल्या बुभुक्षित दीक्षितांच्या या बैठकीत मराठी बोलली जाते. गोपाळशास्त्री, रामभट्ट, चंबूभट्ट विडे चघळत भांगेची तजवीज करत बसलेत. तेवढ्यात आमंत्रण घेऊन कोतवाल येतो. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हे आपलेच लोक. 'बुभुक्षित' म्हणजे भुकेला. नावातच निम्मी थट्टा उरकली आहे.

जात तीच, मोलिएरची. त्याचे वैद्य लॅटिनच्या आड लपतात, इथले शास्त्री संस्कृतच्या. पण एक गोष्ट खटकते. नाव 'प्रेमजोगिनी' आणि चारही प्रवेशांत प्रेम नाही. मंदिर, गैबी, मुघलसरायचे स्टेशन, ही बैठक. नायिका काही येत नाही. 1875च्या सुमाराचे हे नाटक अपुरेच राहिले. मला वाटते, मूर्खपणा दाखवायला बैठक पुरते. प्रेमाची फजिती दाखवायची तर प्रेमात पडण्याइतकी मोठी आणि मोकळी मुलगी हवी. ती आणायची कुठून? संमतिवय दहावरून बारावर नेणारा 1891चा कायदासुद्धा आपल्याकडे केवढ्या गदारोळात झाला!

त्यानंतर दोनच वर्षांनी गोविंद बल्लाळ देवलांचे 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' आले. मूळ मोलिएरचे, 1660चे: भोवळ आलेल्या मुलीच्या हातून प्रियकराची तसबीर पडते, आणि एक नवरा नि त्याची बायको दोघेही एकमेकांवर संशय घेत सुटतात. वास्तविक कुणीच कुणाला फसवलेले नसते. आर्थर मर्फीने 1761मध्ये त्याचे इंग्रजी नाटक केले. देवलांपर्यंत ते त्या वाटेने पोचले. पुरुषांना महिन्यांची नावे आणि बायकांना नक्षत्रांची, ही गंमत मात्र खास देवलांची. फाल्गुनराव-कृत्तिका, अश्विनशेठ-रेवती. भादव्या नावाचा गडीसुद्धा पंचांगातूनच आला.

त्याच नाटकाचे पुढे 'संगीत संशयकल्लोळ' झाले. देवलांच्या निधनानंतर, 1916मध्येच, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. बालगंधर्व रेवती झाले. फाल्गुनराव-कृत्तिकेच्या भांडणाला प्रेक्षक हसतात, आजही हसतात. माझे लक्ष रेवतीकडे जाते. मोलिएरची सेली एका गृहस्थाची मुलगी आहे, बाप तिचे लग्न दुसरीकडे ठरवू पाहतो. रेवती नायकिणीची मुलगी. घरंदाज मुलीला परक्या पुरुषाशी चार शब्द बोलता येत नव्हते, तिथे देवलांनी काढलेली ही वाट. ती चालली, पण विनोदाचे वजन बदलले. सेलीवरचा संशय म्हणजे निव्वळ घोटाळा, उलगडला की संपला. अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो तेव्हा त्याला तसबिरीची फारशी गरजच नसते. तिच्याबद्दलचा संशय लोकांनी आधीच तयार ठेवलेला असतो.