ल्यूपस, मूत्रपिंड आणि बाळंतपण
ल्यूपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. हा आजार बहुतांशी मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना जडतो आणि त्यांतल्या अनेकींच्या मूत्रपिंडांना दाह होतो. विसाव्या शतकाच्या मध्यास अशा बाईला दिवस राहिले की डॉक्टर गर्भपात सुचवत. १९७५ साली ‘लॅन्सेट’च्या संपादकीयाने या वृत्तीला टोमणा मारला: डॉक्टरांचे चालले असते, तर मूत्रपिंडाच्या रुग्ण स्त्रियांना मुले झालीच नसती.

मनाई अगदीच निराधार नव्हती. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकच्या माल्कम हारग्रेव्ह्ज यांनी ल्यूपसची खूण ठरलेली एलई पेशी दाखवली. तोवर निदान होई ते बहुधा आजार बळावल्यावर, म्हणजे डॉक्टरांच्या अनुभवात वाईट उदाहरणेच साठत. पुढे आजार आटोक्यात ठेवणारे स्टेरॉइड आले. शिकागोत रॉबर्ट कार्क आणि सहकाऱ्यांनी सुईने काढलेले मूत्रपिंडाचे तुकडे तपासले, तेव्हा प्रत्येकीच्या मूत्रपिंडाची हानी सारखी नसते हे दिसले.

मूत्रपिंड शांत असूनही काहींचे गर्भ का टिकत नाहीत, हे कोडे उरलेच. यांतल्या काहींची सिफिलिसची चाचणी खोटी सकारात्मक येई, आणि त्याचा मनस्ताप वेगळाच. १९८३ मध्ये लंडनला ग्रॅहम ह्यूज यांच्या गटाने त्यामागची प्रतिपिंडे मोजण्याची चाचणी दिली. ही प्रतिपिंडे असलेल्या, वारंवार गर्भपात झालेल्या ९० स्त्रियांवरील १९९७ च्या औषध-चाचणीत नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के, तर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची जोड दिल्यावर ७१ टक्के गर्भारपणांतून जिवंत मूल जन्मले.

खरा बदल मात्र गर्भधारणेची वेळ निवडण्यात झाला. आजार किमान सहा महिने शांत हवा. गर्भाला घातक ठरणारे मायकोफेनोलेट हे औषध आधीच थांबवून त्याऐवजी ॲझाथायोप्रिन सुरू करायचे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्यूपसचे औषध पूर्वी भीतीपोटी बंद होई आणि आजार उसळे. आता ते चालूच ठेवतात.

सातव्या महिन्यात पाय सुजले, रक्तदाब चढला, लघवीतून प्रथिने गेली, तर तो ल्यूपस की प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणातला रक्तदाबाचा विकार? पहिल्याला औषध वाढवायचे, दुसऱ्यावर अखेरचा उपाय प्रसूतीच. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत लाल पेशींचे साचे दिसले आणि रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रतिकार-प्रथिने घसरली, तर संशय ल्यूपसवर जातो.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात ३८५ गरोदर ल्यूपस रुग्णांपैकी ८१ टक्के जणींचे गर्भारपण मोठ्या गुंतागुंतीविना पार पडले. पण दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने जाणाऱ्या स्त्रिया त्यात घेतल्याच नव्हत्या. मूत्रपिंडाचा दाह ऐन भरात असलेल्यांना हा आकडा लागू नाही.