चाकूंच्या बाजारातील भरवसा

टपाल तिकिटे आणि जुनी नाणी जमविणारे लोक जगात सर्वत्र आढळतात. अमेरिकेत त्यांच्याच जोडीला चाकू जमविणाऱ्यांचाही मोठा वर्ग आहे. हे चाकू भाजी चिरण्यासाठी किंवा शिकारीला नेण्यासाठी घेतले जात नाहीत. त्यांपैकी कित्येकांची धार एकदाही कशावर चाललेली नसते आणि तशी ती चाललेली नाही, यातच त्यांचे मोल असते. पूर्वी अशा चाकूंची खरेदी-विक्री प्रदर्शनांत आणि जुन्या वस्तूंच्या बाजारांत होत असे. ग्राहक चाकू हातात घेई, पाते उघडून उजेडात धरी, ते मिटताना होणारा 'खट्' आवाज ऐके आणि मगच पैसे मोजी. इंटरनेट आल्यावर यातील मोठा व्यवहार संगणकाच्या पडद्यावर आला. वस्तू दिसते, पण हाताळता येत नाही. त्यामुळे न पाहिलेल्या विक्रेत्याने न पाहिलेल्या ग्राहकाला दिलेले प्रामाणिक वर्णन हेच या व्यापाराचे खरे भांडवल ठरले आहे.

छंदाचा बाजार

अमेरिकेत या छंदाला संघटित रूप आले ते १९७० च्या दशकात. नॅशनल नाइफ कलेक्टर्स असोसिएशन ही संग्राहकांची संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी चाकूंना वाहिलेले 'ब्लेड' हे नियतकालिक निघाले. याच नावाने अटलांटा येथे भरणारे वार्षिक प्रदर्शन म्हणजे कारागीर, व्यापारी आणि हौशी संग्राहक यांची जत्राच असते. १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार यांनी सुरू केलेले लिलावाचे संकेतस्थळ पुढे 'ईबे' या नावाने जगभर पोहोचले. ग्राहक व विक्रेता यांनी व्यवहारानंतर एकमेकांविषयी जाहीर शेरा देण्याची सोय तेथे १९९६ मध्ये झाली. अनोळखी माणसाची पत जोखण्याचे ते पहिले सर्वमान्य साधन ठरले. केवळ चाकूंसाठी असलेली खरेदी-विक्रीची पाने त्यानंतर निघाली, तरी पत सांभाळण्याची ही रीत तेथेही रुजली.

ठिपक्यांची भाषा

वर्णनाला या व्यापारात इतके महत्त्व का, हे 'केस' या कंपनीच्या घडीच्या चाकूंवरून चांगले समजते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडफर्ड या गावी ही कंपनी १९०५ पासून आहे. सिगारेट लायटरसाठी प्रसिद्ध असलेल्या त्याच गावातील 'झिपो' कंपनीने १९९३ मध्ये ती विकत घेतली. केसच्या चाकूवर पात्याच्या मुळाशी, मुठीला लागून, कंपनीचा शिक्का असतो. तो काळानुसार बदलत गेला. १९४० ते १९६४ या काळात 'केस' या नावासोबत दोन 'एक्स' एवढीच खूण होती. १९६५ पासून त्याखाली 'यू.एस.ए.' ही अक्षरे आली. १९७० मध्ये त्याखाली दहा ठिपके उमटवण्यात आले आणि नंतर दरवर्षी एकेक ठिपका कमी होत गेला. त्यामुळे एकच ठिपका असेल, तर तो चाकू १९७९ चा. १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपक्यांपासून सुरुवात झाली, मात्र 'एस' या अक्षराचे वळण विजेच्या रेघेसारखे झाले.

शिक्क्याप्रमाणे आकड्यांचीही एक भाषा आहे. ६२५४ या क्रमांकातील ६ हा आकडा मुठीवरचे कोरीव हाड दर्शवितो, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ हा घडणीचा क्रमांक. आरंभी ५ असेल, तर मूठ शिंगाची. ज्याला ही भाषा येते, त्याला मूठभर लांबीच्या वस्तूवरून तिचे वय आणि कूळ सांगता येते. विक्रेत्याने शिक्क्याचे स्पष्ट, जवळून घेतलेले छायाचित्र दिले नाही, तर जाणकार ग्राहक पुढे विचारपूसही करीत नाही.

प्रतवारी आणि तिचे अर्थ

वय कळले, तरी किंमत ठरते ती स्थितीवरून. यासाठी संग्राहकांत सहा पायऱ्यांची प्रतवारी रूढ आहे. सर्वांत वरच्या श्रेणीला 'मिंट' म्हणतात. असा चाकू कारखान्यातून निघाला तसाच असावा लागतो. तो वापरलेला नको, खिशात बाळगलेला नको आणि त्याला धारही लावलेली नको. किंचित हाताळल्याच्या खुणा असल्या की तो 'निअर मिंट' होतो. पात्याची सुमारे दहा टक्के झीज झाली असेल तर 'एक्सलंट', पाव भाग झिजला असेल तर 'व्हेरी गुड' आणि निम्मे पाते गेले असेल तर 'फेअर'. त्याखाली उरतो तो 'पुअर'.

अडचण अशी, की 'मिंट' या एका शब्दात मोठी रक्कम दडलेली असते. एकदाच लावलेली धारही चाकूला त्या श्रेणीतून खाली आणते आणि छायाचित्रात ती सहज लपते. म्हणून जाणते विक्रेते दोष आधी सांगतात. पात्यावरील ठिपक्याएवढा गंज, रिव्हेटपाशी हाडाला गेलेली केसासारखी चीर, उघडताना जाणवणारी पात्याची हालचाल हे सारे त्यांच्या वर्णनात असते. दोष सांगितल्याने भाव थोडा उतरतो, पण वस्तू परत येत नाही आणि तोच ग्राहक पुन्हा येतो.

चकाकी आणि लबाडी

जुन्या वस्तू उजळून विकण्याची सवय येथे घातक ठरते. आजोबांच्या पेटीत सापडलेल्या चाकूला नातवंडे हौसेने बफिंग करून आणतात. पाते चकाकते, पण शिक्क्याच्या कडा पुसट होतात आणि कित्येक वर्षांत पोलादावर चढलेली करडी छटा निघून जाते. संग्राहकाच्या लेखी हे नुकसान भरून न येणारे असते. तेलाचे पुसट बोट फिरवणे आणि चाकू चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ न ठेवणे, एवढी निगा पुरेशी असते. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू मात्र वेगळे ठेवावे लागतात. हे जुने प्लॅस्टिक विघटित होऊ लागले की त्यातून आम्लयुक्त वायू निघतो आणि शेजारच्या निर्दोष चाकूंनाही गंज चढवतो.

याहून गंभीर प्रकार बनावटीचा. तुटलेले पाते काढून दुसऱ्या चाकूचे पाते बसवणे, नवी मूठ जुन्या चाकूवर चढवणे, स्वस्त चाकूवर दुर्मिळ शिक्का उमटवणे असे उद्योग होतात. अशा वेळी जाणकार वस्तूतील विसंगती शोधतो. दोन पात्यांची झीज जुळते का, रिव्हेटची डोकी मुठीइतकीच जुनी दिसतात का, आतील पितळी पत्रा नको तितका स्वच्छ तर नाही ना, हे तो पाहतो.

हातघडणीच्या चाकूंत प्रश्न आणखी नाजूक होतो. कॅलिफोर्नियातील बॉब लव्हलेस हे कारागीर २०१० मध्ये निवर्तले. त्यांच्या चाकूंना हजारो डॉलर मोजले जातात, त्यामुळे त्यांच्या नावाच्या नकलाही बाजारात आल्या. याउलट आयडाहो राज्यातील 'ख्रिस रीव्ह' कंपनी आपल्या 'सेबेंझा' या चाकूसोबत त्याच्या घडणीची तारीख नोंदवलेले कार्ड देते. ही चाकूची जन्मपत्रिकाच होय. ती आणि मूळ खोके जपणाऱ्याला विक्रीच्या वेळी त्याचे फळ मिळते.

कायद्याची धार

विक्रेत्याला कायद्याचेही भान ठेवावे लागते. कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर अमेरिकेत १९५८ च्या संघीय कायद्याने निर्बंध आहेत आणि काही अपवाद वगळता ते टपालानेही पाठविता येत नाहीत. त्याखेरीज प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. मुठीचे द्रव्यही अडचण उभी करते. हस्तिदंती वस्तूंची विक्री ईबेने जानेवारी २००९ पासून बंद केली, तर अमेरिकी सरकारने २०१६ मध्ये आफ्रिकी हत्तीच्या दंताचा व्यापार जवळजवळ पूर्णपणे थांबविला. येथे भारताचाही संबंध येतो. पाश्चात्त्य कारागिरांना मुठीसाठी भारतीय सांबराची शिंगे फार प्रिय होती. भारताने त्यांची निर्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस रोखल्यानंतर अशा जुन्या मुठींची मागणी वाढली.

भारतात हा छंद जोपासू पाहणाऱ्यांनी दोन कायदे ध्यानात ठेवावेत. शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे वेगळ्या वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. शंभर वर्षांपूर्वीची कट्यार किंवा बिचवा मात्र १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतो. त्याचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला तो परदेशी विकता येत नाही.

अखेरचा हिशेब

पैसे पाठविण्याच्या पद्धतीतही भरवशाची परीक्षा होते. 'पेपाल'सारख्या सेवेत खरेदीसाठी दिलेल्या रकमेला संरक्षण असते, पण मित्र-नातलगांना पाठविल्याप्रमाणे दिलेल्या रकमेला ते नसते. शुल्क वाचविण्यासाठी दुसरा मार्ग सुचविणाऱ्या अनोळखी विक्रेत्यापासून सावध राहणे इष्ट. विक्रेत्यानेही पाते मिटून, ते उघडणार नाही असे बांधून आणि विमा उतरवूनच पार्सल रवाना करावे.

संग्राहकाच्या पश्चात बहुधा त्याचा संग्रह ज्यांच्या हाती जातो, त्यांना ठिपक्यांची भाषा येत नसते. मग आयुष्यभर निवडून जमविलेले चाकू एका खोक्यात भरून, एकाच भावाने विकले जातात. कोणता चाकू कोठून, केव्हा व कितीला घेतला आणि त्यात कोणता दोष आहे, याची नोंद असलेली साधी वही ही हानी टाळू शकते.