तयार कपड्यांचे कारागीर-प्रशिक्षण, बांगला देशातील
बांगला देशाच्या तयार कपड्यांच्या निर्यात उद्योगाचा पाया घालण्यात परदेशी झालेल्या कारागीर-प्रशिक्षणाचाही वाटा होता. शिंपी माप घेण्यापासून काजेबटणांपर्यंतची सर्व कामे करू शकतो. कारखान्यात मात्र सदऱ्याची कॉलर, कफ, बाही इ. भाग निरनिराळे कामगार शिवतात. म्हणून तेथे शिवणीबरोबरच कामाची विभागणी, गतीचा मेळ, गुणवत्ता-तपासणी आणि व्यवस्थापन यांचेही शिक्षण लागते.

बहुतंतू करारान्वये (१९७४) दक्षिण कोरियाच्या कपडे-निर्यातीवर कोट्याची मर्यादा आली. तेव्हा कोटा नसलेल्या देशाच्या शोधात असलेल्या देवू कंपनीने १९७८ मध्ये नूरुल कादेर यांच्या देश गारमेंट्स या कंपनीशी सहकार्याचा करार केला. त्यानुसार १९७९ मध्ये १३० कर्मचाऱ्यांनी बुसान येथील कारखान्यात सुमारे सहा महिने प्रशिक्षण घेतले. त्यांत स्त्रियाही होत्या. १९८० मध्ये चितगाव येथे उत्पादन सुरू झाले.

पुढील काही वर्षांत या १३० पैकी ११५ जण कंपनी सोडून गेले. काहींनी स्वतःचे कारखाने काढले, तर काही इतर कारखान्यांत गेले. मूळ कंपनीने प्रशिक्षित माणसे गमावली. परंतु तिने मिळविलेली विद्या त्यांच्याबरोबर इतरत्र पसरली. शुल्कमुक्त आयात-गोदामांच्या सवलतीनेही उद्योगाच्या वाढीस हातभार लागला.

उत्पादनाच्या वेगाशी सुरक्षेने मात्र बरोबरी साधली नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी साभार येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत बहुसंख्य कपडे-कामगार होते.