चापिंगोच्या भिंतीवरचे शेत

मेक्सिको शहराच्या पूर्वेला चापिंगो येथे एक नामवंत कृषी विद्यापीठ आहे. एके काळी ही मोठी जमीनदारी होती. मालक वाड्यात, आणि राबणारा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच कर्जात, अशी तिथली रीत. १९१० साली मेक्सिकोत क्रांती पेटली, तिच्यामागे जमिनीचा हा प्रश्न फार मोठा होता.

क्रांतीनंतर सरकारी कृषी विद्यालय या वाड्यात आले. वाड्यातले जुने प्रार्थनामंदिर रंगवण्याचे काम दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने १९२७ पर्यंत पूर्ण केले. ओल्या गिलाव्यावर, तो सुकण्याआधी रंग भरायची ही पद्धत. एका बाजूच्या भिंतींवर त्याने निसर्गातली बीजापासून फळापर्यंतची वाढ रंगवली आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांच्या लढ्याचा इतिहास.

त्यातले एक चित्र मन धरून ठेवते. वर मक्याचे शेत उभे आहे आणि खाली, जमिनीच्या पोटात, लाल वस्त्रात गुंडाळलेले दोन देह आहेत. एक एमिलियानो सापाता, दुसरा त्याचा सहकारी ओतिलियो मोंतान्यो. बळकावलेल्या जमिनी गावांना परत मिळाव्यात, अशी मागणी करणारा १९११ चा जाहीरनामा या दोघांच्या नावाशी जोडलेला आहे. १९१९ साली सापाताला दग्याने मारण्यात आले. त्याच्या रक्तावर हे पीक उभे आहे, असे रिव्हेरा सांगतो.

पण नुसती जमीन मिळून भाकरी मिळते का? या प्रश्नाचे उत्तर त्याच विद्यालयात एक मराठी माणूस शोधत होता. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. इंग्रज सरकारमुळे मायदेशाचे दार बंद झाले आणि १९२४ पासून ते चापिंगोत शिकवू लागले. गहू आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. पण ते प्रयोगशाळेतच राहू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्यांपैकी एका शाळेला सापाताचेच नाव होते.

रिव्हेरा त्यांचा स्नेही. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ साली त्याने ‘आपली भाकरी’ अशा अर्थाचे चित्र काढले. मेजाभोवती नाना तऱ्हेची माणसे बसली आहेत आणि मधोमध एकजण पाव मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोजे यांचा म्हणून ओळखला जातो.

खानखोजे १९६७ साली नागपुरात निवर्तले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. आपल्याकडे मात्र हे नाव सांगितले की अजूनही ‘कोण हे?’ असा प्रश्न येतो. जमिनीसाठी मरणाऱ्याला आणि त्या जमिनीत चांगले बी पेरायला शिकवणाऱ्याला, दोघांनाही मेक्सिकोने भिंतीवर जागा दिली. शेतीचा इतिहास लिहिताना आपणही या दोघांची आठवण ठेवायला हवी.