नाकावरील शस्त्रक्रिया व अतिउंची
नाकाचा वाकडा पडदा सरळ करणे (सेप्टोप्लास्टी) किंवा सायनसची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्यावर २,५०० मी.हून उंच ठिकाणी नाकावर होणारा परिणाम. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही खाडीकाठची, समुद्रसपाटीलगतची दमट शहरे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाईही १,६४६ मी.च. त्यामुळे येथील रुग्णाची अतिउंचीशी गाठ पडते ती सुट्टीत विमानाने लेहला (सु. ३,५०० मी.) उतरल्यावर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सु. ६५ टक्के, हवा थंड आणि कमालीची कोरडी. शस्त्रक्रियेनंतर नाकाचे अस्तर भरून येण्यास काही आठवडे लागतात. त्या काळात कोरड्या हवेने खपल्या धरतात; बोटाने काढल्या की रक्त येते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे व आतून मलम लावणे हे साधे उपाय. सायनसची तोंडे सुजलेली असल्यास विमान उतरताना कपाळ ठणकते. नाक मोकळे झाल्याने श्वास सुखाचा होतो, मात्र विरळ हवेतला प्राणवायू वाढत नाही. ‘ऑपरेशन झालंय, आता उंची लागणार नाही’ हा ट्रेकरांचा समज म्हणूनच निराधार आहे. लेहमध्ये पहिले एक-दोन दिवस विश्रांती त्यांनाही चुकत नाही.