काशीची कन्या आणि इंग्रजी स्तोत्र

इ. स. १८५३ च्या मे महिन्यांत निजामाशीं झालेल्या तहान्वयें वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या कारभाराखालीं आला, आणि आज ज्यास बुलढाणा जिल्हा म्हणतात तो मुलूखही त्याबरोबरच गेला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत काशीस एका महाराष्ट्रीय ख्रिस्ती घरांत एक मुलगी जन्मास आली. पुढें तिनें इंग्रजींत भक्तिगीतें लिहिलीं. ह्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध मुळींच नाहीं. तथापि इंग्रजी भक्तिगीत वऱ्हाडांत आलें तेव्हां आपल्या लोकांशीं त्याचें कितपत जमलें, हा विचार करूं लागलों म्हणजे ह्या मुलीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

खामगांवीं १८७० त आगगाडी आली ती कापसासाठीं. शतकाच्या अखेरीस ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ह्या अमेरिकन मंडळानें वऱ्हाड हें आपलें कार्यक्षेत्र केलें. अकोला, खामगांव हीं त्याचीं ठाणीं. मंडळाचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन (१८४३-१९१९) हा स्वतः गीतकार होता, व १८९१ त त्यानें आपल्या पंथासाठीं एक मोठा गीतसंग्रहही प्रसिद्ध केला. त्याच्या एका प्रसिद्ध गीताचा विषय असा, कीं पूर्वीं मी देवाचें देणें मागत होतों, आतां मला देणारा स्वतःच हवा आहे. शेगांव-मेहकराकडील वारकऱ्यास ह्यांत नवें तें काय वाटणार? मुक्ति नको, देव हवा, हें त्यानें तुकोबांच्या अभंगांतून लहानपणापासून ऐकलेलें. त्याला परकें वाटण्याजोगें होतें तें गाणें. टाळ नाहीं, वीणा नाहीं, पदाचा अर्थ उलगडून सांगणारा बुवा नाहीं; सर्वांनीं पुस्तक हातीं घेऊन उभें राहावयाचें आणि ओळीमागून ओळ एका ठेक्यांत संपवावयाची!

आतां ती काशीची मुलगी. तिचे वडील नीलकंठशास्त्री गोरे हे चित्पावन ब्राह्मण. जन्म १८२५ चा. जॉन म्यूर नांवाच्या स्कॉच पंडितानें संस्कृतांत ख्रिस्ती धर्माची थोरवी वर्णिली, तेव्हां तिचें संस्कृतांतच खंडन करणाऱ्यांत ऐन विशींतील हे शास्त्री होते. खंडन करतां करतां त्यांचेंच मन डळमळलें. १८४८ सालीं जौनपूर येथें बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. पुढें षड्दर्शनांवर त्यांनीं लिहिलेला हिंदी ग्रंथ आणि पंडिता रमाबाईंच्या मनावर झालेला त्यांचा परिणाम, हे स्वतंत्र लेखाचे विषय होत. येथें सांगावयाचें इतकेंच, कीं मुलीच्या जन्मानंतर लवकरच त्यांची पत्नी लक्ष्मीबाई वारली, आणि १८५४ त ते महाराजा दुलीपसिंगाबरोबर विलायतेस गेले. एका इंग्रज निळीच्या मळेवाल्याच्या कुटुंबानें मूल आपलें म्हणून वाढविलें. १८५७ च्या धामधुमींत तें कुटुंब नागवलें गेलें. मग स्टॉर्स नांवाच्या पाद्र्यानें मुलीचा सांभाळ पत्करून तिला विलायतेस नेलें. म्हणजे जन्मदाते गेले, पाळणारे गेले, देशही सुटला. एलन लक्ष्मी गोरे ही १८८० त हिंदुस्थानांत परत आली ती मिशनच्या कामासाठीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं.

१८८३ त लंडनमध्यें तिचीं गीतें ‘फ्रॉम इंडियाज कोरल स्ट्रँड’ ह्या नांवानें छापलीं गेलीं. हिंदुस्थानचा प्रवाळकिनारा! हे शब्द बिशप हीबरच्या १८१९ तील मिशनरी गीतांतले. आणि हीबर कलकत्त्याचा बिशप झाला तो १८२३ त, म्हणजे हा देश न पाहतांच त्यानें तो रंगविला होता. काशीस गंगा आहे, घाट आहेत. प्रवाळ कोठून असणार? गंगातीरीं जन्मलेल्या मुलीच्या पुस्तकास दर्यापलीकडून पाहणाऱ्याच्या कल्पनेंतला किनारा मिळावा, ह्यांत तिचा दोष मी मानीत नाहीं. ज्या भाषेंत ती वाढली, त्या भाषेंत हिंदुस्थान तेवढाच होता.

परंतु ह्या संग्रहांतील एक गीत जगभर गेलें. जॉर्ज स्टेबिन्स ह्यानें त्यास चाल लाविली आणि तें ठिकठिकाणच्या प्रार्थनासभांतून गाइलें जाऊं लागलें. देवाच्या सान्निध्याचें गुप्त स्थळ हा त्याचा विषय. ही कल्पना इंग्रजी बायबलांतील एकतिसाव्या स्तोत्राची आहे. थकलेला जीव तेथें शिरतो. पंखांची सावली आणि झऱ्याचें पाणी त्यास मिळतें. मनांतील शंका व दुःखें तो सांगतो आणि देव न कंटाळतां ऐकून घेतो. ऐकणारा नुसतें गोंजारीत मात्र नाहीं. चुकलें तेथें चुकलें असेंही सांगतो, कारण न सांगणारा खरा मित्र नव्हे. हा भाग मला सर्वांत खरा वाटतो. एरव्हीं त्या काळचीं इंग्रजी स्तोत्रें गोडव्याकडे फार झुकतात.

पंखांच्या सावलीशीं आमच्या नामदेवाची पक्षिणी ताडून पाहावी. तेथें पक्षिणी चाऱ्यासाठीं गेली आहे आणि पिलें उपाशीं वाट पाहत आहेत. भक्तीचा सारा जीव त्या वाट पाहण्यांत आहे. एलनबाईच्या गीतांत पिलूं पंखाखालीं पोंचलेलें आहे. जिची वाट पाहावयाची ती आई जन्मतःच गेली, तिनें आसऱ्याचें गाणें लिहावें, विरहाचें लिहूं नये, हें मला तिच्या चरित्रावरून समजतें. विरहाची भाषा मराठींत तयार होती. पण ती तिच्यापर्यंत पोंचवील असें घरांत कोणीं उरलें नव्हतें.

१८९५ सालच्या ऑक्टोबरांत नेहेम्या गोरे मुंबईस वारले. त्याच वर्षीं फेब्रुवारींत मुंबईसच नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला होता. टिळक म्हणत, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों. आणि पूल ओलांडल्यावर तो त्यांनीं मोडला नाहीं. अभंग, भजन, कीर्तन हीं त्यांनीं ख्रिस्ती उपासनेंत आणिलीं, व मराठी ख्रिस्ती लोकांच्या ‘उपासना-संगीता’स त्यांच्या पदांनीं निराळेंच तेज आलें. सिम्प्सनच्या गीतांत जें उणें होतें तें येथें भरून निघालें. मग नवल असें झालें, कीं टिळकांचें पद निकोल मॅक्निकोलच्या भाषांतरानें इंग्रजी गीतसंग्रहांत जाऊन बसलें. १९१९ त, ज्या वर्षीं टिळक वारले त्याच वर्षीं, ह्याच मॅक्निकोलनें मराठी संतांच्या १०८ पदांचें इंग्रजी पुस्तकही काढिलें. बापलेकीच्या घरीं जी देवघेव झाली नाहीं, ती एका स्कॉच पाद्र्याच्या मेजावर झाली!

एलनबाईनें पुढें अलाहाबादेस अनाथाश्रम सांभाळला. १९३७ त ती कानपुरास वारली. इंग्रजी गीतसंग्रहांत तिच्या गीताखालीं संपूर्ण नांव छापलेलें असतें. त्यांतील ‘लक्ष्मी’ हें नांव तिच्या आईचें.